पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं: मिठागरात हवंसं असलेलं बाष्पीभवन सोलापूरच्या शेतात नकोसं का होतं?

मे महिन्यात सोलापुरातल्या कुठल्याही गच्चीवर जा. कुरडया, पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या पसरलेल्या दिसतील. सकाळी ओलसर असलेली कुरडई संध्याकाळी कडक होते. पाणी गेलं, पीठ राहिलं, पिठातलं मीठही राहिलं. बाष्पीभवन म्हणजे काय हे सोलापूरच्या बायकांना शाळेच्या पुस्तकाआधी वाळवणानं शिकवलेलं आहे.

त्याच गच्चीवर आणखी एक गोष्ट करून बघा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. हे पाणी मोठ्या पसरट परातीत ओता, वरून पातळ कापड बांधा आणि उन्हात ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या भांड्यातल्या पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटरनं उतरते. त्यामुळे दीड-दोन दिवसांत परात कोरडी होईल आणि तळाला पांढरे खडे उरतील. भिंग असेल तर त्यातून बघा. नीट बसलेले खडे चौकोनी असतात, छोट्या ठोकळ्यांसारखे. परातीच्या कडेनं मीठ पाण्याच्या रेषेच्या वर चढलेलंही दिसेल. ते कसं चढलं, हा प्रश्न लक्षात ठेवा. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी एकर जमिनीचं दुखणं त्याच एका गोष्टीत आहे.

मीठ पाण्याबरोबर का उडत नाही?

मीठ पाण्यात विरघळतं तेव्हा ते नाहीसं होत नाही. त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन भाग सुटे होतात. या भागांवर विद्युतभार असतो आणि पाण्याचे रेणू त्यांना चारी बाजूंनी धरून ठेवतात. पाण्याच्या पृष्ठभागावरचा एखादा वेगवान रेणू शेजाऱ्यांची पकड सोडून हवेत जाऊ शकतो. भार असलेल्या सोडियमला ते जमत नाही. कोरडं मीठ नुसतं वितळवायचं म्हटलं तरी ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. गच्चीवरच्या ४३ अंशांत ते वाफ होऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही.

बाष्पीभवनासाठी पाणी उकळावं लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. उकळताना पाण्याच्या आतही वाफेचे बुडबुडे होतात, बाष्पीभवन मात्र कुठल्याही तापमानाला फक्त पृष्ठभागावरून चालू असतं. म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितका वेग जास्त. तेच पाणी तांब्यात ठेवलं तर कित्येक दिवस राहील, परातीत दोन दिवसांत संपेल.

गाळणीनं, फडक्यानं किंवा साध्या कँडल फिल्टरनं मीठ वेगळं होत नाही. गाळणी अडवते ती न विरघळलेली वस्तू. थंड करूनही काम भागत नाही. साखरेचा गरम पाक थंड केला की खडीसाखर धरते, कारण गरम पाण्यात साखर खूप जास्त विरघळते आणि थंड पाण्यात कमी. मिठाचं तसं नसतं. १०० ग्रॅम पाण्यात २५ अंशांना सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावतं आणि १०० अंशांना सुमारे ३९ ग्रॅम. फरक इतका थोडा आहे की, थंड करून हाती फारसं काही लागत नाही. मीठ हवं असेल तर पाणी घालवणं हाच रस्ता.

एका गॅस सिलिंडरमध्ये किती मीठ?

मग घरीच समुद्राचं पाणी आटवून मीठ का करू नये? हिशोब करू.

एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेऊन पूर्ण वाफ करायला साधारण २,५५० किलोज्यूल उष्णता लागते. त्यातली जवळजवळ नऊ दशांश उष्णता नुसती वाफ करण्यात जाते, तापवण्याचा वाटा एक दशांशाच्या आसपास. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोतून, शेगडीची गळती धरून, सुमारे ३० हजार किलोज्यूल उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे एक किलो गॅसमध्ये जेमतेम बारा लिटर पाणी आटेल आणि १४.२ किलोच्या अख्ख्या सिलिंडरमध्ये सुमारे १६५ लिटर.

समुद्राच्या एक लिटर पाण्यातल्या ३५ ग्रॅम क्षारांपैकी खाण्याचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे एक पूर्ण सिलिंडर जाळून हातात पडेल साडेचार किलो मीठ. दुकानात त्याचे शंभर-सव्वाशे रुपये होतात.

मीठ स्वस्त आहे ते केवळ सूर्य बिल पाठवत नाही म्हणून. एक टन मिठासाठी समुद्राचं किमान ३७ हजार लिटर पाणी हवेत उडवावं लागतं. गळती आणि वाया जाणारं पाणी धरलं तर आणखी जास्त.

मिठागर: नुसतं पाणी सुकवण्याचं काम नाही

सोलापूरला समुद्र नाही. महाराष्ट्रातली मिठागरं कोकणपट्टीत आहेत: रायगडात उरण, पेण, पनवेलकडे, पुढे भाईंदर-वसई-पालघरच्या खाड्यांच्या काठी आणि दक्षिणेला सिंधुदुर्गात शिरोड्याला. मुंबईत वडाळा, भांडुप, मुलुंडची मिठागरं आहेत, पण ती आता मिठापेक्षा जमिनीसाठीच बातम्यांत असतात. आज आपल्या डब्यातलं मीठ बहुतेक गुजरातचं असतं. देशातल्या मिठाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा ते एकटं राज्य बनवतं. कच्छच्या छोट्या रणातले अगरिया तर समुद्राचं नव्हे, जमिनीखालचं खारं पाणी उपसून मीठ पिकवतात.

'पिकवतात' हाच शब्द इथे वापरतात, आणि तो बरोबर आहे. मिठागर ही शेतीच आहे. फक्त इथे पाऊस पडला की पीक जातं.

दिवाळीनंतर बांध दुरुस्त करायचे, तळाची चिकणमाती पायांनी तुडवून घट्ट करायची, म्हणजे पाणी खाली जिरत नाही. उधाणाच्या भरतीचं पाणी मोठ्या कोंडीत घ्यायचं. तिथून ते एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या उथळ कप्प्यात सरकवत न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर पाणी उडतं आणि उरलेलं पाणी अधिक खारं होतं.

आता प्रश्न असा की, एकाच मोठ्या खड्ड्यात पाणी भरून सुकू का देत नाहीत? कारण समुद्राच्या पाण्यात फक्त मीठ नसतं. सगळं पाणी एकदम सुकवलं तर कॅल्शियमचे, मॅग्नेशियमचे, पोटॅशियमचे क्षार एकत्र मिसळलेला कडवट चुरा मिळेल. पण हे क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत, हे मिठागराच्या पथ्यावर पडतं. ज्याची विरघळण्याची ताकद कमी तो आधी तळाला बसतो. सुरुवातीला चुन्याचे क्षार बसतात. पाणी आटून मूळच्या एक पंचमांशावर आलं की जिप्सम बसू लागतं. एक दशांशावर आलं की खाण्याचं मीठ धरतं. मॅग्नेशियमचे क्षार सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यातच राहतात.

म्हणून प्रत्येक कप्प्याचं काम वेगळं. जिप्सम आधीच्या कप्प्यांत सोडून पाणी पुढे न्यायचं, मीठ शेवटच्या कप्प्यांत धरू द्यायचं आणि मॅग्नेशियम खाली बसण्याआधी उरलेलं कडू पाणी काढून टाकायचं. पाण्याचा दाटपणा बोमे नावाच्या मापात मोजतात. समुद्राचं पाणी ३ ते ३.५ बोमे, मीठ धरायला सुरुवात २५ बोमेच्या आसपास आणि २९-३० बोमेला कडू पाणी बाहेर. मोजायची नळी नसली तरी जुने जाणते आगरी पाण्याच्या रंगावरून आणि बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून अंदाज बांधत आले आहेत. 'आगरी' हे नावच 'आगर' म्हणजे मिठागर यावरून आलं, असं मानलं जातं.

पाणी चुकून जास्त दाट होऊ दिलं तर काय होतं, हे आपल्या आजीला चांगलं ठाऊक होतं. पूर्वी पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओलं होतं. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच हवेतलं पाणी खेचायला लागतं. म्हणजे ज्या मिठात कडू पाण्याचा अंश राहिला ते जवळजवळ बारा महिने ओलसर. बरणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत त्यातूनच आली.

पावसाळ्यात मिठागर बंद ठेवण्याचं कारणही हेच. हवा दमट असली की मीठ सुकण्याऐवजी पाणी पिऊ लागतं. मेच्या शेवटी एखादी वळवाची सर कोसळली तर चार महिन्यांच्या कामातलं शेवटचं पीक डोळ्यांदेखत परत पाण्यात जातं.

पाणी उन्हात ठेवणं हा गुन्हा होता

ब्रिटिश राजवटीत मीठ बनवण्यावर सरकारचं नियंत्रण होतं. १८८२च्या मीठ कायद्यामुळे, परवान्याशिवाय समुद्राचं पाणी आटवून मीठ करणं हा अपराध ठरत होता. सूर्य फुकट, समुद्र फुकट, मीठ मात्र कर भरूनच. कर गरिबालाही चुकत नव्हता, कारण मीठ कुणालाच चुकत नाही.

६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला समुद्रकाठी आपोआप सुकलेलं मीठ उचललं. मुंबईत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले यांनी समुद्राचं पाणी चुलीवर आटवून मीठ केलं. मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला आणि वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांचे जथे चालून गेले.

सोलापुरात मिठागर नव्हतं, पण इथल्यासारखी आग फार थोड्या शहरांत पेटली असेल. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली. गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर उतरले. समुद्र नसलेल्या गावानं कायदेभंगासाठी शिंदीची झाडं तोडायला घेतली, ताडीच्या महसुलावर घाव म्हणून. ८ मे रोजी गोळीबार झाला. पुढचे काही दिवस शहरात ब्रिटिश सत्ता उरलीच नव्हती आणि १२ मे रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. शहरातला चार हुतात्मा चौक त्यांच्याच नावाचा.

बोअरचं पाणी उकळलं की क्षार जातात का?

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ, कारण यावर व्हॉट्सॲपवर फार चुकीचं फिरतं.

सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. मधल्या दिवसांत बोअर, टँकर किंवा जारचं पाणी. बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरे डाग पडतात, गिझरच्या कॉइलवर थर बसतो आणि डाळ लवकर शिजत नाही. उपाय म्हणून कुणीतरी सांगतं, 'पाणी दहा मिनिटं उकळा, क्षार निघून जातील.'

यात अर्धं खरं आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उकळल्यावर मोडतात आणि तळाला पांढरा साका बसतो. पाण्याचा जडपणा तेवढ्यापुरता कमी होतो. पण खाण्याचं मीठ, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड हे उकळून जात नाहीत. उलट पाणी उडतं आणि क्षार तेवढेच राहतात, म्हणजे उरलेलं पाणी आधीपेक्षा जास्त खारं. उकळण्यानं जंतू मरतात. त्यासाठी जरूर उकळा. क्षारांसाठी उकळू नका.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आरओ यंत्र वेगळ्या रीतीनं काम करतं. ते पाण्याची वाफ करत नाही, दाब देऊन पाणी अतिशय बारीक पडद्यातून पलीकडे ढकलतं. त्यामुळे ऊर्जा कमी लागते. पण क्षार इथेही नाहीसे होत नाहीत. ते यंत्राच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जमा होतात. ते पाणी कुंडीतल्या झाडांना रोज घालणाऱ्यांनी थोडं थांबावं. महिन्याभरात मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसेल. ती बहुतेक वेळा बुरशी नसते.

उन्हावरच पिण्याचं पाणी मिळवायचं असेल तर वाफ पकडावी लागते. काळ्या तळाच्या उथळ टाकीवर उतरतं काचेचं झाकण ठेवलं की वाफ काचेला लागून थंड होते आणि ओघळून पन्हाळीत जमा होते. १८७२ साली चिलीतल्या लास सालिनास इथे खाण कामगारांसाठी याच तत्त्वावर मोठा प्रकल्प उभारला होता आणि तो रोज वीस हजार लिटरहून जास्त गोडं पाणी देत असे. घरगुती आकारात मात्र एका चौरस मीटर काचेखालून चांगल्या उन्हात दिवसाला तीन-चार लिटरच पाणी मिळतं. चार माणसांच्या पिण्यालाही दोन-तीन चौरस मीटर काच हवी.

चादरीच्या गावातलं खारं पाणी

सोलापुरी चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत आहेत. रंगकामात मीठ किती लागतं, हे कमी जणांना माहीत असतं. सुती धागा रिॲक्टिव्ह प्रकारच्या रंगांत रंगवताना पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं, नाहीतर रंग धाग्याकडे जाण्याऐवजी पाण्यातच राहतो. गडद रंगासाठी लिटरला ५० ते ८० ग्रॅम मीठ ही सामान्य गोष्ट आहे. म्हणजे समुद्रापासून इतक्या लांबच्या गावात रंगाच्या हौदातलं पाणी समुद्राच्या दुपटीनं खारं असू शकतं.

धागा रंग घेतो, मीठ जवळजवळ सगळं पाण्यातच उरतं. पाण्याचा रंग घालवणं जमतं, जैविक प्रक्रियेनं घाणही कमी होते, पण जिवाणू मीठ खात नाहीत. ते काढायला शेवटी बाष्पीभवनच लागतं. एका भांड्यातल्या वाफेची उष्णता वापरून पुढच्या भांड्यातलं पाणी, त्याच्या वाफेवर तिसऱ्यातलं, अशी रांग लावून इंधन वाचवतात. तरीही हे काम महाग आहे. मोठ्या उद्योगाला परवडतं, दहा मागांच्या छोट्या कारखानदाराला स्वतःच्या बळावर नाही. म्हणून सामाईक प्रक्रिया केंद्रांची गरज असते. प्रक्रिया न करता सोडलेलं खारं पाणी कुठे जातं? नाल्यात, मग जमिनीत, आणि शेवटी कुणाच्या तरी विहिरीत.

माठ आणि शेत

आता परातीच्या कडेनं चढलेल्या मिठाचा प्रश्न. त्याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या माठाकडे आहे.

नवा माठ पहिल्या उन्हाळ्यात पाणी गारेगार करतो. पाणी बारीक छिद्रांतून झिरपतं, बाहेरच्या अंगावरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक-दोन उन्हाळ्यांनंतर माठाच्या बाहेर पांढरी पुटं दिसू लागतात आणि पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. पाणी बाहेर येऊन उडालं, क्षार छिद्रांच्या तोंडाशी राहिले आणि छिद्रं बुजली.

सोलापूरची काळी जमीन हा एक प्रचंड माठ आहे. बारीक कणांमधल्या फटींतून खालचं पाणी वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं. पृष्ठभागावर ऊन ते उडवतं आणि क्षार तिथेच राहतात. भूजल खोल असेल तर वात तिथवर पोहोचत नाही. ते दीड-दोन मीटरच्या आत आलं की मात्र वर्षभर, दिवसरात्र, जमिनीचं मिठागर चालू होतं.

भूजल वर आलं कशानं? सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. इथे वर्षाला जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाणी उडवण्याची ताकद उन्हात आणि वाऱ्यात आहे. जोवर शेती ज्वारीची होती तोवर यानं बिघडलं नाही. पाणीच कमी होतं. आधी नीरेच्या कालव्यांनी माळशिरस, पंढरपूरच्या बाजूला बारमाही पाणी आलं आणि १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं. ११७ टीएमसी साठ्याच्या या धरणानं जिल्ह्याचं रूप पालटलं. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा झाला. ती समृद्धी खोटी नाही, पाण्यावाचून गाव सोडणाऱ्या पिढ्या इथे होऊन गेल्या आहेत. पण कालव्याच्या पाण्यातून काय काय शेतात येतं, याचा हिशोब फारसा कुणी मांडला नाही.

तो आपण मांडू. समजा, एक एकर उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी दिलं. पाट पद्धतीत एवढं सहज दिलं जातं. ते होतं सुमारे ८० लाख लिटर. पाणी चांगलं आहे, पिण्याच्या मानकात बसणारं, लिटरला फक्त अर्धा ग्रॅम क्षार. तरीसुद्धा वर्षाला चार टन क्षार त्या एका एकरात आले. ऊस पाणी पितो, पण क्षार मुळाशीच ठेवतो. पानांतून उडतं तेही निव्वळ पाणी. काळ्या जमिनीत निचरा मुळातच मंद. जास्तीचं पाणी खाली जाऊन भूजल वर उचलतं आणि चार टनांतला मोठा वाटा मुळांच्या पट्ट्यातच फिरत राहतो.

पहिली काही वर्षं पीक जोरात येतं. मग शेताच्या सखल कोपऱ्यात, कालव्याच्या कडेला, उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो. शेतकरी म्हणतात, रानात मीठ फुटलं. तिथला ऊस खुजा राहतो, पानांची टोकं करपतात. माती ओली असूनही पीक तहानलेलं दिसतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, तसाच प्रकार. बाहेर मीठ जास्त असलं की मुळाला पाणी ओढून घेता येत नाही. ते बघून शेतकरी आणखी एक पाणी देतो. म्हणजे आणखी क्षार.

जिप्सम टाकण्याआधी

बिघडलेल्या जमिनी एकाच जातीच्या नसतात आणि इथेच पैसे वाया जातात. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसीसायमनच्या वर असेल तर ती क्षारयुक्त जमीन. मातीच्या कणांना चिकटलेल्या भारित घटकांत सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांहून जास्त असेल आणि सामू साडेआठच्या वर असेल तर ती चोपण. चोपण जमिनीत सोडियम मातीचे कण सुटे करतो, त्यामुळे ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. पाणी वर साचून राहतं, खाली जात नाही.

जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. गंमत म्हणजे मिठागरात मिठाच्या आधी खाली बसतं ते हेच जिप्सम. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. निचरा नसेल तर तो तिथेच राहतो आणि जिप्समच्या गोण्यांचे पैसे बुडतात. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला तर जिप्समची फारशी गरजच नसते. तिला हवं असतं चांगल्या पाण्यानं धुणं आणि ते पाणी बाहेर जायला वाट. म्हणून आधी माती तपासा. नमुना फक्त वरच्या थराचा देऊ नका. एक-एक फुटाचे थर वेगळे करून तीन फुटांपर्यंतचे नमुने कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि विहिरीचं पाणीही तपासून घ्या.

ठिबकनं पाणी कमी लागतं, म्हणून क्षारही कमी येतात. हा फायदा मोठा आहे. पण ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला पांढरी रेघ जमते, परातीच्या कडेला जमली तशीच. जूनमध्ये हलकी भुरभुर झाली की ती रेघ विरघळून मुळांकडे सरकते. अशा वेळी पाऊस पडतोय म्हणून ठिबक बंद करू नये, मोठा पाऊस होईपर्यंत चालू ठेवावं.

जिथे भूजलच वर आलं आहे तिथे जमिनीखाली निचरा करावा लागतो. चार-पाच फूट खोल चर खणून त्यात छिद्रांचे पाइप घालतात, वर बारीक जाळीचं आवरण देतात आणि उतारानं पाणी बाहेर काढतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनींवर काम चालतं. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेकडो शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असे पाइप टाकले आणि पडीक पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. हे काम एकट्याच्या बांधाआत होत नाही, कारण पाइपाचं पाणी शेवटी शेजाऱ्याच्या रानाखालूनच नाल्यापर्यंत जाणार असतं. पैशापेक्षा जास्त वेळा गाडी अडते ती इथेच.

पाइपाच्या तोंडाशी पडणारं ते पाणी खारट असतं. ते नाल्यात जातं, नाला नदीला मिळतो, आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते, जिथे तेच पाणी उपसून कुणीतरी उसाला देतं.